पाऊस गेल्यावरची मुळशी

पुण्यातल्या माणसाला मुळशी म्हटलं की जुलै आठवतो. ताम्हिणीच्या वळणावर दुतर्फा लावलेल्या गाड्या, छत्री उलटी करणारा वारा, भाजलेलं कणीस, आणि समोर दरी आहे याची नुसती खात्री. दरी दिसत नाहीच. मीही वर्षानुवर्षं असाच गेलो. कुंडलिकेच्या दरीसमोर उभं राहून काढलेले माझे कितीतरी फोटो आहेत. त्यात मी आहे आणि माझ्यामागे पांढरा पडदा आहे. मग एका डिसेंबरात काही कामानं माणगावला जाताना त्याच जागी चहाला थांबलो आणि लक्षात आलं, की इथून खाली थेट कोकण दिसतं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. पाऊस बघायचा असेल तर मुळशीला आषाढात जावं, मुळशी बघायची असेल तर मार्गशीर्षात.

मात्र महाबळेश्वर-माथेरानच्या हिशेबानं गेलात तर पंचाईत होईल. इथे बाजारपेठ नाही, चणे-चिक्कीची दुकानं नाहीत, पॉइंटांची यादी घेऊन फिरवणारा टॅक्सीवाला नाही. मुळशी हा अख्खा डोंगरी तालुका आहे. पौड, मुठे, मोसे, कोरबारसे ही बारा मावळांतली जुनी नावं याच मुलखातली. तालुक्याचं ठाणं पौडला, पुण्यापासून तासाभरावर. म्हणजे नकाशावर तासाभरावर. भूगाव-पिरंगुटच्या गर्दीत शनिवारी सकाळी नऊ वाजता सापडलात तर वेळेचं काही सांगता येत नाही. म्हणून चांदणी चौक उजाडायच्या आत ओलांडावा. त्याचा दुसरा फायदा असा, की तलावाच्या काठी पोचेपर्यंत सूर्य नुकता वर येत असतो.

थंडीतल्या मुळशीत करायची पहिली गोष्ट हीच: सकाळी लवकर पाण्याच्या काठाला जाऊन गप्प बसायचं. थंडीतही धुकं असतं, पण ते पाण्यावर अंथरलेलं आणि शहाणं. ऊन आलं की अर्ध्या तासात उठून जातं. मग पलीकडच्या डोंगरांच्या कडा एकामागून एक उमटतात. काठाच्या ओल्या मातीवर शेपटी हलवत फिरणारा धोबी दिसतो. तो उत्तरेकडून आलेला हिवाळी पाहुणा. पाणी निळं असतं, गढूळपणाचा मागमूस नसतो. पाण्यात मात्र उतरू नका. काठ जितका सौम्य दिसतो तितका नाही, आणि आत काय आहे ते वरून दिसत नाही.

आत काय आहे, तर गावं आहेत. मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यात टाटांनी विजेसाठी धरण बांधायला घेतलं, तेव्हा मुळशी पेट्यातली बावन्न गावं त्याच्या तडाख्यात आली. रामनवमीच्या दिवशी, १६ एप्रिल १९२१ ला, मावळ्यांनी धरणाच्या जागेवर ठाण मांडलं. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढे होते. बापटांना ‘सेनापती’ हे बिरुद चिकटलं ते या लढ्यातून. आज पुण्याच्या सेनापती बापट रस्त्यावरच्या काचेच्या इमारतींत दिवसभर काम करून शनिवारी जो तरुण मुळशीच्या तलावावर येतो, त्याला या दोन्ही जागांचं नातं बहुधा ठाऊक नसतं. तीन वर्षं हा लढा चालला. बायका-माणसं तुरुंगात गेली. सावकारांनी आणि मोठ्या जमीनमालकांनी नुकसानभरपाईवर समझोता केला आणि कसणारा कुळवाडी एकटा पडत गेला. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहावर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच त्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं आहे. आंदोलन हरलं. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

या धरणाची करामत मला अजूनही चकित करते. मुळा ही पूर्वेला वाहणारी नदी. पुण्यात ती मुठेला भेटते. मग भीमा, मग कृष्णा, शेवट बंगालच्या उपसागरात. पण धरणात अडवलेलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवलं आहे. ते सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला पडतं, वीज तयार करतं आणि कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळतं. म्हणजे इथल्या ढगाचं पाणी कोणत्या समुद्रात जायचं, हे गेली जवळजवळ शंभर वर्षं विजेच्या गरजेवर ठरतं आहे. कोलाडला ऐन थंडीत कुंडलिकेवर राफ्टिंग चालतं तेही याच कारणानं. आजूबाजूच्या नद्या आटत आलेल्या असतात, पण वीजघरातून सुटलेलं पाणी सकाळी खळाळत येतं. हौस असेल तर ताम्हिणी उतरून तेही करून घ्यावं. परतीला अंधार होणार हे धरून.

आणि पाणी येतं तरी किती! जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एका दिवसात ५५० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. महाराष्ट्रातल्या कितीतरी तालुक्यांचा हा वर्षाचा पाऊस. हिवाळ्यात त्याच घाटात उभं राहिलं की कड्यांवर पाण्याच्या नुसत्या काळ्या रेघा असतात आणि कुठेतरी एखादी धार थेंबाथेंबानं ठिबकत असते.

पोटापाण्याचं आता. मुळशीत थंडीत जावं याचं निम्मं कारण माझ्या लेखी भात आहे. दिवाळीच्या आगेमागे कापणी होते, मग झोडणी. डिसेंबरात गेलात तर खाचरांत कापलेल्या धसांच्या रांगा, घरांपुढे पेंढ्याच्या उडव्या आणि अंगणात वाळत घातलेलं भात दिसेल. खाचरात उरलेल्या ओलीवर वाल, पावटा, हरभरा, मसूर उगवून आलेले असतात. त्यांना वेगळं पाणी द्यावं लागत नाही, रात्रीचं दव पुरतं.

मुळशीचा आंबेमोहोर जुन्या पुण्यात नावाजलेला होता. घरी आजारी माणसाला मऊ भात द्यायचा तर आंबेमोहोराचाच, असं माझी आजी म्हणायची, आणि शेजारच्या घरात तो शिजत असला तरी ओळखायची. या भाताचं दुखणं असं, की रोप उंच वाढतं, वाऱ्यापावसात आडवं होतं आणि उतारा कमी देतं. पुढे वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोराच्याच रक्ताचा इंद्रायणी तयार झाला. तो चिकट, सुवासिक आणि भरघोस, त्यामुळे शेतकऱ्यांनी तो उचलला यात नवल नाही. आज रस्त्याकडेला ‘आंबेमोहोर’ म्हणून जे पोतं दाखवतात, ते बऱ्याचदा इंद्रायणीचं किंवा भलत्याच तांदळाचं असतं. ओळखायचं कसं? आंबेमोहोराचा दाणा आखूड आणि जाडसर. पोत्यात हात घालून मूठभर तांदूळ हातावर चोळा आणि हुंगा. जानेवारीत गेला असाल तर शेजारच्या आंब्याला मोहोर आलेलाच असेल. दोन्ही वास ताडून पाहता येतात. शिजवून बघायची सोय असेल तर प्रश्नच मिटला.

जेवायला रिसॉर्टच्या बुफेत पनीर खाऊ नका, एवढीच विनंती. ताम्हिणीच्या रस्त्यावर घरगुती जेवण देणारी कितीतरी ठिकाणं आहेत. सकाळी जाताना सांगून ठेवायचं, ‘मावशी, चार माणसं, दीड वाजता.’ तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठलं, पावट्याची आमटी, गावरान कोंबडी सांगितली असेल तर ती, आणि वाफाळता भात. सांगून न ठेवता दोन वाजता जाऊन घाई केलीत तर जे मिळेल ते निमूट खावं. चूल गॅससारखी पेटत नाही.

घाट उतरून माणगावच्या बाजूला गेलात आणि ओळखीपाळखीचं कुणी असेल तर थंडीतली पोपटी चुकवू नये. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, हवी तर कोंबडी. खाली-वर भांबुर्डीचा पाला कोंबून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. पाणी नाही, तेल नाही. त्या पाल्याचा उग्र वास शेंगांत उतरतो आणि तीच पोपटीची चव. जाता जाता एक आठवण: पुण्याच्या शिवाजीनगरचं जुनं नाव भांबुर्डे, आणि मुळशीत घनगडाच्या वाटेवरही एक भांबुर्डे आहे. दोन्ही नावं या झुडपावरून पडली असावीत असं मला आपलं वाटतं. शिवाजीनगरला आता ते झुडूप शोधूनही मिळायचं नाही.

घनगडाचं नाव निघालंच आहे, तर किल्ल्यांबद्दल. या भागातले किल्ले पावसाळ्यात शेवाळलेले आणि निसरडे असतात, उन्हाळ्यात तापतात. त्यांचे खरे महिने डिसेंबर आणि जानेवारी. एकोले गावातून चढायचा घनगड छोटा, पण गमतीदार: वाटेत गारजाईचं देऊळ, वर कातळाला टेकून उभी राहिलेली भलीथोरली शिळा आणि शेवटी शिडी. जवळच तेलबैला, म्हणजे जमिनीतून सरळ वर आलेल्या दोन काळ्या भिंती. त्या चढणं दोरवाल्या गिर्यारोहकांचं काम. आपण दोन भिंतींच्या मधल्या खिंडीपर्यंत जावं आणि पश्चिमेला सुधागडाकडे बघत डबा उघडावा. मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर कोरीगड बरा. पेठ शहापूरहून पायऱ्यांची वाट आहे, माथा सपाट आहे आणि जवळजवळ अख्ख्या तटावरून फेरी मारता येते. गडावर कोराईदेवी आहे. मार्च १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या इंग्रज फौजेच्या तोफगोळ्यानं इथलं दारूकोठार उडालं आणि गड पडला. तटावरून खाली बघितलं तर आखीव रस्ते आणि बंगल्यांची श्रीमंत वसाहत दिसते. तिकडे पाठ करून चालावं, इतिहासात मन लागतं.

मला विचाराल तर किल्ल्यांपेक्षा जंगल निवडा. ताम्हिणी अभयारण्य २०१३ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र पन्नास चौरस किलोमीटरच्या आतबाहेर. पिंपरीहून निघून भिऱ्याला उतरणारी अंधारबनाची वाट आता सगळ्यांच्या तोंडी आहे. पावसाळी शनिवार-रविवारी तिथे रांग लागते आणि अपघात झाले की प्रशासन वाट बंद करतं. थंडीत तीच वाट निवांत असते. ओढे पायाखालून जातात, डोक्यावरची झाडी दाट असल्यानं दुपारीही गारवा असतो. अंजनी, जांभूळ, हिरडा, आणि त्यांच्या शेंड्यांत शेकरू. त्याला बघायचं असेल तर चालणं थांबवावं लागतं. आधी त्याचं खडखडणारं ओरडणं ऐकू येतं, मग पान हलतं, मग तांबूस शेपटीचा झुपका. आठजणांच्या गप्पिष्ट टोळक्याला तो दिसत नाही, हे मी आठजणांच्या गप्पिष्ट टोळक्यातून जाऊन सिद्ध केलं आहे. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून, शुल्क भरूनच आत जावं. वाट एकेरी आहे, म्हणून भिऱ्याहून परत यायची गाडी आधी ठरवून ठेवावी लागते.

याच डोंगरांत देवराया आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. देवाच्या धाकानं जे राखलं गेलं ते जंगलखात्याच्या हद्दीबाहेरही टिकून राहिलं, हे त्यांच्यामुळे शहरी लोकांच्या ध्यानात आलं. देवराईत गेलात तर पान तोडू नका, चपला बाहेर काढा आणि गावातल्या कुणाला तरी विचारून जा.

हिवाळा सगळ्यांनाच सुखाचा नसतो, हेही इथे दिसतं. दिवाळी झाली की कातकरी वाड्यांतली कितीतरी घरं कुलूपबंद होतात. माणसं मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर कामाला जातात. आपण मोकळी हवा खायला येतो त्याच महिन्यांत ती वाडी रिकामी असते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मात्र ‘एनए प्लॉट, लेक व्ह्यू’ असे फलक आणि तारेची कुंपणं वाढत आहेत. २०१८ चा ‘मुळशी पॅटर्न’ चित्रपट ज्यांनी पाहिला त्यांना जमिनी विकल्यानंतरची गोष्ट सांगायला नको. याच तालुक्यात मोसे खोऱ्यात लवासा उभं राहिलं. इटलीतल्या गावासारखी रंगीत घरं, २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाची नोटीस, २०१८ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया. तिथल्या दासवेच्या तलावाकाठी थंडीच्या संध्याकाळी फिरायला जागा छान आहे. मी एकदा जाऊन आलो. बंद खिडक्या मोजत फिरलो. पुन्हा जायची इच्छा झाली नाही.

एक रात्र तरी मुक्काम करावा. पुण्याचा उजेड डोंगरांमागे राहतो आणि आठ वाजता डोकं वर केलं की कृत्तिकांचा पुंजका आणि मृग नक्षत्र दुर्बिणीशिवाय स्वच्छ दिसतात. शेकोटी करायची तर अंगणात, यजमानाला विचारून. जानेवारीनंतर डोंगरावरचं गवत पार वाळलेलं असतं, माळावर पेटवलेली एक काडी किंवा न विझवलेली सिगारेट अख्खी सोंड जाळते. पाण्याच्या बाटल्या परत घरी आणा. पौडच्या अलीकडे कचरापेटीची वाट बघू नका.

पीएमपीची बस पौडपर्यंत येते. पुढे स्वतःचं वाहन असलेलं बरं. स्वेटर घ्या, टॉर्च घ्या, सहा वाजले की अंधार पडतो. आणि निघण्याआधी घरी सांगून ठेवा, की ताम्हिणीच्या आसपास फोनची रेंज येते-जाते. परत पौडला पोचलात की फोन करा.