काळ्या प्लगचा माग

अमेरिकेतल्या ट्रान्स-ॲम शर्यतींत इंजिनाला पाच लिटरची मर्यादा होती. त्या मर्यादेत बसण्यासाठी शेव्हरोलेने 327 घनइंचाच्या ब्लॉकमध्ये 283 चा क्रँक घातला आणि 302 घनइंचाचे इंजिन तयार झाले. 1967 ते 1969 या काळातल्या कॅमॅरो झी-28 मध्ये हे इंजिन असे. त्याच्या डोक्यावर मिनिटाला 780 घनफूट हवा घेणारा हॉली कंपनीचा चार बॅरलचा कार्बोरेटर. अशी गाडी जपणाऱ्याला कधी ना कधी एक दुखणे गाठतेच: प्लगवर कोरडी काजळी धरते, सायलेन्सरमागे उभे राहिले की डोळे चुरचुरतात, सिग्नलला इंजिन गुदमरते. मिश्रण रिच झाले आहे, म्हणजे त्यात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त आहे.

एक भाग पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने 14.7 भाग हवा लागते. पूर्ण ताकदीसाठी साडेबारा-तेराचे प्रमाण ठेवतात. त्याहून जास्त पेट्रोल गेले की ताकद घटतेच, शिवाय सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन निघते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, तर गाडी तशीच दामटू नये.

अशा वेळी हात पहिल्यांदा पेट्रोल मोजून सोडणाऱ्या जेटकडे जातो. हॉलीची रचनाच मोहात पाडणारी आहे: चार स्क्रू सोडले की पेट्रोलचा बाउल हातात येतो, मागे मीटरिंग ब्लॉक आणि त्यात पितळी जेट. पण मूळ मापाचे जेट आपोआप मोठे होत नाहीत. बिघाड बहुधा दुसरीकडे असतो.

आधी बाहेरचे बघावे. एअर फिल्टर तुंबला आहे का, इंजिन तापल्यावर चोक पूर्ण उघडतो का, ठिणगी जोरकस आहे का? ठिणगी दुबळी असली तरी प्लग काळेच पडतात. मग पेट्रोलचा दाब. हॉलीला 5 ते 7 पीएसआय पुरतो. जोरदार पंपाने तो वाढला की बाउलमध्ये येणारे पेट्रोल अडवणारी, फ्लोटवर चालणारी नीडल आपल्या बैठकीवर टिकत नाही आणि बाउल भरून वाहतो. बाउलच्या बाजूला पितळी प्लग असतो. इंजिन आयडलला ठेवून तो काढला, की पेट्रोल भोकाच्या खालच्या काठाला जेमतेम लागायला हवे. बाहेर ओघळले तर फ्लोट खाली घ्यायचा. तरीही पातळी उतरत नसेल, तर नीडलखाली कचरा अडकलेला असतो किंवा फ्लोटच पेट्रोल पिऊन जड झालेला असतो.

सर्वांत फसवा भाग पॉवर व्हॉल्व्ह. इंजिनावर भार येऊन व्हॅक्यूम पडला की तो जादा पेट्रोल सोडतो. त्यावर 65 आकडा असेल, तर तो पाऱ्याच्या साडेसहा इंच व्हॅक्यूमवर उघडतो. कार्बोरेटरमध्ये बॅकफायर झाला की जुन्या हॉलीत त्याचा पडदा फाटतो आणि आयडललाही पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये ओढले जाते. परीक्षा सोपी आहे: आयडलचे दोन्ही मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत फिरवा. इंजिन बंद पडले पाहिजे. चालूच राहिले, तर एक तर पडदा फाटला आहे, नाही तर थ्रॉटल गरजेपेक्षा जास्त उघडा राहून ट्रान्सफर स्लॉटमधून पेट्रोल येत आहे.

शर्यतीचा कॅमशाफ्ट असलेल्या इंजिनात आयडलचा व्हॅक्यूम मुळातच कमी असतो. तिथे व्हॅक्यूमच्या साधारण निम्म्या आकड्याचा व्हॉल्व्ह घालतात: आठ इंच मिळत असेल, तर साडेतीन किंवा साडेचारचा.

एवढे सगळे ठीक निघाले, तरच जेट. तेही एका वेळी एक-दोन आकारच कमी करायचे आणि दर खेपेला गाडी पळवून प्लग बघायचे. डोंगरावर, विरळ हवेत चालवायची असेल, तर दर दोन हजार फुटांना एक आकार कमी, हा ढोबळ हिशेब. मेकॅनिकने बॉनेट उघडताच जेटचा डबा काढला, तर त्याला आधी पेट्रोलचा दाब मोजायला सांगा.