बिऱ्हाड पाठीवर!

१९९५ सालच्या मे महिन्यात कॅनडातल्या विनिपेग शहरात एक विलक्षण वर्गणी जमत होती. पूर आला नव्हता, दुष्काळ पडला नव्हता, कुठे आगही लागली नव्हती. शहराचा हॉकी-संघ विकला जाऊन परगावी चालला होता, तो राहावा म्हणून ही धडपड! मोठ्यांनी ऐपतीप्रमाणे पैसे दिले. शाळकरी पोरांनी तर खाऊचे गल्ले फोडून त्यातली नाणी आणून दिली. हजारो माणसे मैदानात जमली. एवढे केल्यावर संघ एक वर्ष थांबला. पुढे १९९६ च्या २८ एप्रिलला ‘विनिपेग जेट्स’ आपला शेवटचा सामना डेट्रॉइटकडून ४-१ असा हरले आणि बिऱ्हाड पाठीवर टाकून अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्सच्या वाळवंटात राहायला गेले.

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ध्यानचंद उभे राहतात. पण ही हॉकी बर्फावरची. पायांत पाती लावलेले बूट, चेंडूऐवजी रबराची चकती आणि कॅनडातल्या पोरांना बाळगुटीबरोबरच मिळालेले त्याचे वेड. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांवर उतरणाऱ्या विनिपेगमधून हा खेळ उठून उन्हाळ्यात चाळीस अंशांवर तापणाऱ्या फिनिक्सला जातो, याला काय म्हणावे?

याला म्हणावे हिशेब! १९१७ साली स्थापन झालेल्या ‘नॅशनल हॉकी लीग’मधले संघ गावाचे नसतात, मालकाचे असतात. दारावर पाटी गावाच्या नावाची, पण किल्ली मालकाच्या खिशात. नव्वदीच्या दशकात कॅनडातल्या संघांना तिकिटांचे पैसे मिळत कॅनडाच्या डॉलरमध्ये आणि खेळाडूंचे पगार द्यावे लागत अमेरिकन डॉलरमध्ये. कॅनडाच्या डॉलरला तेव्हा अमेरिकेचे पाऊण डॉलरही येत नव्हते. त्यातून विनिपेगचे क्रीडागृह जुने. धनिक गिऱ्हाइकांना भारी भाड्याने देता येतील असे खास कक्ष त्यात पुरेसे नव्हते. पोरांच्या गल्ल्यांनी हे भगदाड कसे बुजावे?

त्याच सुमारास क्वेबेक शहराचेही तेच झाले. १९९५ मध्ये त्यांचा संघ डेन्व्हरला गेला आणि तिथे पहिल्याच वर्षी, १९९६ मध्ये, त्याने मानाचा स्टॅन्ले करंडक जिंकला. झाड वाढवले क्वेबेकने, फळ खाल्ले डेन्व्हरने!

आता फिनिक्सची कथा ऐका. कागदावर तर हे स्थळ सोन्यासारखे होते. वाढते शहर, खेळता पैसा, बर्फाच्या प्रदेशांतून उबेसाठी येऊन राहिलेले हजारो लोक. पण लग्न ठरवताना मुलाचा पगार तेवढा पाहावा आणि घर पाहायचे राहून जावे, तशातली गत झाली. पहिले क्रीडागृह बास्केटबॉलसाठी बांधलेले. त्याच्या एका बाजूच्या कित्येक खुर्च्यांवरून बर्फाचा काही भाग दिसतच नसे! २००३ मध्ये शेजारच्या ग्लेन्डेल गावी नवे, देखणे क्रीडागृह मिळाले. पण ते महानगराच्या पश्चिम टोकाला, आणि हौसेने तिकीट काढणारे बरेचसे लोक राहायचे पूर्व बाजूला. कामावरून सुटलेला माणूस तासभर गाडी हाकत रोज रोज कशाला जाईल?

२००९ मध्ये मालकाने दिवाळे जाहीर केले. एक कॅनडियन उद्योगपती संघ विकत घेऊन हॅमिल्टनला न्यायला तयार होता, पण न्यायालयाने ते मानले नाही. शेवटी लीगनेच संघ पदरात घेतला. तो टिकावा म्हणून ग्लेन्डेलच्या नगरपालिकेने ओळीने दोन वर्षे अडीच-अडीच कोटी डॉलर मोजले. हा पैसा अर्थातच करदात्यांचा. तरी २०२२ मध्ये तेही घर सुटले आणि संघ पाच हजार माणसेही न मावणाऱ्या विद्यापीठाच्या क्रीडागृहात पोटभाडेकरूसारखा राहू लागला. २०२३ च्या मे महिन्यात टेम्पी गावच्या मतदारांनी नव्या क्रीडागृहाची योजना मतपेटीतून फेटाळली. पुढल्या एप्रिलमध्ये सगळे खेळाडू युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीला गेले. नव्या मालकाने मोजलेली किंमत १२० कोटी डॉलर!

मग ‘वाळवंटात बर्फ विकायला गेले, दुसरे काय होणार?’ असे म्हणून मोकळे व्हावे का? थांबा. लास व्हेगास हेही वाळवंटच आहे. पण तिथे लीगने संघ मंजूर करण्यापूर्वीच तेरा हजारांहून अधिक जागांसाठी लोकांनी अनामत भरली होती. नवे क्रीडागृह २०१६ मध्ये उभे राहिले, संघ २०१७ मध्ये आला. पहिल्याच हंगामात त्याने अंतिम फेरी गाठली आणि २०२३ मध्ये करंडक जिंकला. म्हणजे दोष उन्हाचा नव्हे. आधी घर, मग गिऱ्हाईक, शेवटी संघ हा तिथला क्रम. फिनिक्सने नेमका उलटा धरला होता.

विनिपेगही हेच सांगते. २०११ मध्ये अटलांटाचा संघ विकायला निघाला. (अटलांटाचा आधीचा संघ १९८० मध्ये कॅलगरीला गेला होता, त्या बिचाऱ्या शहराने दोनदा हा वियोग सोसला.) विनिपेगने तेरा हजार जागांची संपूर्ण हंगामाची तिकिटे विक्रीला काढली, तीही काही वर्षांच्या कराराने. सर्वांसाठी खिडकी उघडली आणि उरलेली तिकिटे सतरा मिनिटांत संपली! अटलांटाचा संघ विनिपेगला आला आणि पुन्हा ‘जेट्स’ झाला.

१९९६ मध्ये हे प्रेम नव्हते काय? होते की! बदलला होता तो हिशेब. २००४ मध्ये नवे क्रीडागृह झाले होते. त्याचा मालक आणि संघाचा मालक एकच, शिवाय गावचा. २००५ पासून लीगने पगारांना मर्यादा घातली होती आणि कॅनडाचा डॉलर अमेरिकन डॉलरच्या बरोबरीला आला होता. तेव्हा संघासाठी गाव निवडताना नुसती लोकसंख्या पाहून भागत नाही. विनिपेग लीगमधल्या सर्वांत लहान शहरांपैकी एक, तर अटलांटा केवढे मोठे! क्रीडागृह कोणाचे आणि कुठे, तोट्याच्या वर्षी दम धरणारा मालक आहे का, आणि लोक नुसते टाळ्या वाजवतात की आगाऊ पैसेही भरतात, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.

आणि उत्तरे एकदा मिळाली म्हणून कायमची मिळाली असेही नाही. २०२४ च्या सुरुवातीला त्याच विनिपेगमध्ये हंगामी तिकिटधारक दहा हजारांच्या खाली आले होते आणि मालकमंडळींच्या कपाळावर पुन्हा आठ्या पडल्या होत्या. प्रेमालाही दरवर्षी हप्ता भरावा लागतो.

फिनिक्समधली ती अठ्ठावीस वर्षे मग पाण्यात गेली का? तसे म्हणता येत नाही. त्या वाळवंटी गावात लहानाचा मोठा झालेला ऑस्टन मॅथ्यूज हे सामने पाहतच खेळाला लागला आणि २०१६ मध्ये लीगच्या निवडीत पहिल्या क्रमांकाने टोरोंटोकडे गेला. हिशेबाच्या वहीत असल्या जमेला रकाना नसतो. १७ एप्रिल २०२४ च्या रात्री त्या छोट्या क्रीडागृहात संघ एडमंटनविरुद्धचा अखेरचा सामना ५-२ असा जिंकला. विनिपेगच्या पोरांनी एकदा जे सोसले, तेच आता फिनिक्सच्या पोरांच्या वाट्याला आले. मालकाला पैसे मिळाले, खेळाडूंना नवे गाव मिळाले. पोरांना काय मिळाले?

आणि तिकडे क्वेबेकने २०१५ मध्ये अठरा हजारांवर प्रेक्षकांचे झकास क्रीडागृह बांधून ठेवले आहे. घर सजले आहे, दिवे लागले आहेत. दहा वर्षे उलटून गेली, या लीगचा पाहुणा काही अजून आलेला नाही!