प्रकाशातून द्रव्य

अंधाऱ्या खोलीत दोन बॅटऱ्यांचे झोत एकमेकांवर सोडून पाहा. दोन्ही झोत एकमेकांना छेदून सरळ पलीकडच्या भिंतीवर पोचतात. वाटेत जणू कोणी भेटलेच नाही! पाण्याच्या दोन धारा अशा सोडल्या, तर तुषार उडतात. प्रकाशाचे तसे काही होताना दिसत नाही. मग प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, एकमेकांवर आदळून त्यांतून चक्क इलेक्ट्रॉन निर्माण होतो, असे कोणी सांगितले तर?

ग्रेगरी ब्राइट आणि जॉन व्हीलर या अमेरिकेतील दोन शास्त्रज्ञांनी १९३४ साली गणित करून हेच दाखवले. मात्र प्रकाशातून इलेक्ट्रॉन एकटा जन्मू शकत नाही. फोटॉनवर विद्युतभार नसतो, तेव्हा त्यातून जे निघेल त्याच्या भारांची बेरीजही शून्यच हवी. म्हणून ऋणभारित इलेक्ट्रॉनबरोबर तेवढ्याच वस्तुमानाचा, पण धनभारित पॉझिट्रॉन जन्मतो. हा प्रतिद्रव्याचा कण. कार्ल अँडरसन यांना तो १९३२ साली विश्वकिरणांच्या अभ्यासात सापडला होता.

आता हिशेब पाहू. एका इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाइतकी ऊर्जा ५ लाख ११ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. जोडीसाठी याच्या दुप्पट हवी. हिरव्या प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा किती? अवघी २.३५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट! बॅटरीच्या झोतात काही घडत नाही ते यामुळेच.

तुम्ही म्हणाल, गॅमा किरणांच्या फोटॉनजवळ भरपूर ऊर्जा असते, तो एकटाच हे काम करील. पण मोकळ्या जागेत एकट्या फोटॉनची जोडी होऊ शकत नाही. ऊर्जा पुरली तरी संवेगाचा हिशेब जुळत नाही. उरलेला संवेग घ्यायला शेजारी एखादे अणुकेंद्र लागते. म्हणजे द्रव्य निर्माण करायला आधीच द्रव्य हजर हवे! दोन फोटॉन समोरासमोर भेटले, तर ही अडचण राहत नाही. तेव्हा नियम असा, की दोघांच्या ऊर्जांचा गुणाकार ५ लाख ११ हजारांच्या वर्गापेक्षा, म्हणजे सुमारे २६,१०० कोटींपेक्षा, कमी नसावा. प्रयोगशाळेत हे दिसण्याची आशा नाही, असे ब्राइट आणि व्हीलर यांनीच लिहून ठेवले होते. तेव्हा लेसर नव्हता, हे लक्षात घ्या.

कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्डच्या त्वरक केंद्रात हे कोडे ज्या युक्तीने सोडवले गेले, ती मला फार आवडते. वेगाने येणाऱ्या बॅटवर आदळलेला चेंडू आला त्याहून कितीतरी वेगाने परत जातो ना? तिथे ४,६६० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांची बॅट केली आणि हिरव्या लेसरच्या फोटॉनांचा चेंडू. फोटॉनचा वेग अर्थातच वाढत नाही, वाढते ती ऊर्जा. आदळून परतलेल्या काही फोटॉनांची ऊर्जा २,९२० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत गेली! हे परतणारे फोटॉन त्याच लेसरच्या झोतातून येत होते, त्यामुळे मागून येणाऱ्या फोटॉनांशी त्यांची समोरासमोर गाठ पडली.

पेन्सिल घ्या आणि २,९२० कोटींना २.३५ ने गुणा. उत्तर सुमारे ६,८६० कोटी येईल. हवे होते २६,१००. तूट चौपटीला जवळ! मग जोडी कशी झाली? इथे लेसरची तीव्रता कामी आली. झोत एका बारीक ठिपक्यावर एकवटला होता आणि स्पंद सेकंदाच्या सुमारे एक लाख कोटीव्या भागाएवढाच टिकत होता. एवढ्या दाटीत लेसरचे चार किंवा अधिक फोटॉन एकाच वेळी त्या बलाढ्य फोटॉनशी भिडू शकतात. चारांनी तूट भरून निघते, हे तुम्ही स्वतः पडताळून पाहा. सुमारे २२ हजार लेसर-स्पंद सोडल्यावर, इतर मार्गांनी येणारे वजा जाता, सुमारे १०६ पॉझिट्रॉन हाती आले. १९९७ साली हा निकाल प्रसिद्ध झाला.

अशा प्रयोगांना वृत्तपत्रे ‘शून्यातून द्रव्य’ म्हणतात, ते मला पटत नाही. इथे शून्यातून काहीच आले नाही. ऊर्जेच्या पै-पैचा हिशेब लागतो. हिशेब उलटाही चालतो. पॉझिट्रॉनला इलेक्ट्रॉन भेटला, की दोन्ही नाहीसे होऊन साधारणपणे दोन गॅमा फोटॉन निघतात. रुग्णालयातील पेट तपासणी याच फोटॉनांवर चालते.

इलेक्ट्रॉनांची बॅट न घेता, निव्वळ लेसरच्या जोरावर निर्वात पोकळीतून जोड्या निघतील का? सिद्धांत म्हणतो, निघतील. पण दर चौरस सेंटिमीटरला एकावर २९ शून्ये इतक्या वॉटच्या आसपास तीव्रता लागेल. दक्षिण कोरियातील शास्त्रज्ञांनी २०२१ साली गाठलेल्या विक्रमी तीव्रतेत एकावर २३ शून्ये होती. सहा शून्ये कमी, म्हणजे दहा लाख पटींचे अंतर.