काळजीतलं ‘मोल’ शोधायचं कसं? मिरज, सातारा आणि एक अवघड संशोधन-प्रश्न

पीएचडीच्या प्रस्तावांमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: ‘ख्रिस्ती मिशनऱ्यांनी रुग्णांना माणूस म्हणून वागवलं.’ ऐकायला छान वाटतं. पण मुलाखतीला बसलात की समितीतलं कुणीतरी विचारणारच, हे तुम्हाला कळलं कशावरून? त्यांनी स्वतःच तसं लिहून ठेवलंय म्हणून? पेट किंवा नेटची तयारी करत असाल आणि आरोग्य, धर्म, समाजकार्य अशा सीमेवरचा विषय डोक्यात असेल, तर या प्रश्नावर आधीच विचार केलेला बरा. (माझं शिक्षण विज्ञानाचं. ‘मोल’ म्हटलं की मला आधी अ‍ॅव्होगॅड्रो आठवतो. पण इथलं मोल वेगळं, आणि मोजायला बरंच अवघड.)

आधी व्याख्या, कारण इथेच बहुतेकांचं घसरतं. माणसाला मोल का असतं, याची निदान तीन उत्तरं आहेत. कांटच्या परंपरेतलं उत्तर असं की माणूस विवेकाने स्वतःचे निर्णय घेऊ शकतो म्हणून. मग स्मृतिभ्रंश झालेल्या आजीचं काय? टॉम किटवुड या ब्रिटिश अभ्यासकाने १९९७ च्या आपल्या पुस्तकात दुसरं उत्तर दिलं. माणूसपण हा इतरांनी नात्यातून दिलेला दर्जा आहे, असं तो म्हणतो. डिमेन्शियाच्या रुग्णांची काळजी घेण्याची पद्धत या विचाराने खूप बदलली. पण त्यात एक फट राहतेच: इतरांनी दिलेलं इतर काढूनही घेऊ शकतात. तिसरं उत्तर ख्रिस्ती श्रद्धेचं. माणूस देवाच्या प्रतिमेत घडलेला आहे, म्हणून त्याचं मोल कमावलेलं नाही आणि कुणी दिलेलंही नाही. आजाराने ते कमी होत नाही, उपयोग संपला म्हणून संपत नाही.

श्रद्धा खरी की खोटी हे संशोधनाने ठरत नाही. पण तिसऱ्या उत्तरातून तपासता येईल असं काहीतरी निघतं. मोल खरंच असं बिनशर्त मानलं जात असेल, तर जिथे रुग्ण बरा होण्याची आशा नाही आणि समाजाला त्याचा उपयोग नाही, तिथेही वागणूक बदलता कामा नये. म्हणजे आपल्याला अशी जागा शोधायला हवी, जिथे ही श्रद्धा महागात पडते.

अशी एक जागा आपल्या शेजारीच आहे. विल्यम जेम्स वान्लेस हा कॅनडात जन्मलेला डॉक्टर अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ मध्ये भारतात आला. पटवर्धनांच्या मिरज संस्थानात त्याचं रुग्णालय १८९४ मध्ये उभं राहिलं. मिरज रेल्वेचं जंक्शन असल्याने लांबलांबून लोक यायचे. पुढे तिथे वैद्यकीय शिक्षण सुरू झालं, सांगली-मिरज रस्त्यावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झालं. तो परिसर आजही वान्लेसवाडी म्हणूनच ओळखला जातो. १९२८ मध्ये त्याला ‘सर’ किताब मिळाला. हे सगळं यशाच्या बाजूचं. मोतीबिंदू काढला, माणसाला दिसायला लागलं, नातेवाईक खूश, देणगीदार खूश. आपल्या प्रश्नाला इथून फारसं उत्तर मिळत नाही.

उत्तर शोधायचं तर मिरजेच्याच कुष्ठरुग्णालयाकडे वळा. डॅप्सोन हे औषध वापरात आलं १९४० च्या दशकात. त्याआधी कुष्ठरोगावर खात्रीचा इलाज नव्हता. १८९८ चा ‘लेपर्स अ‍ॅक्ट’ तर निराधार कुष्ठरुग्णाला वॉरंटशिवाय पकडून आश्रमात डांबण्याची मुभा देत होता. (हा कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडलं!) अशा काळात बरं न होणाऱ्या माणसाची जखम वर्षानुवर्षं धुणं, हे देणगीच्या अहवालात चमकणारं काम नव्हे.

पण इथे घाईने टाळ्या वाजवू नका. बायबलमधल्या ज्या परंपरेतून ‘देवाची प्रतिमा’ आली, त्याच परंपरेत अशुद्ध ठरलेल्या माणसाला वस्तीबाहेर राहायला सांगणारे नियमही आहेत. मूळ हिब्रू शब्द आपल्या कुष्ठरोगाचं नाव नाहीच. लेवीय पुस्तकात तो कपड्यांना आणि घराच्या भिंतींना लागणाऱ्या डागांसाठीसुद्धा येतो. तरी भाषांतरात तो शब्द या आजाराला चिकटला आणि शतकानुशतकं रुग्णांच्या माथी बसला. शिवाय मिशनच्या अनेक आश्रमांत स्त्री-पुरुषांना वेगळं ठेवलं जाई, प्रार्थना दिनक्रमाचा भाग असे, आणि निधी गोळा करायला झडलेल्या बोटांचे फोटो परदेशी छापले जात. माझ्या मते प्रबंधाचा खरा विषय हाच आहे: एकच श्रद्धा जखम धुवायलाही लावते आणि त्याच जखमेचा फोटो विकायलाही.

कृतीतून श्रद्धा कशी वाचायची, याचा उत्तम नमुना बघायला जरा दक्षिणेला, वेल्लोरला जाऊ. पॉल ब्रँड हा मिशनरी दांपत्याचा मुलगा आणि सर्जन. १९४६ मध्ये तो तिथल्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आला. कुष्ठरोगात मांस आपोआप सडतं, असा तेव्हा समज होता. ब्रँड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचा अख्खा दिवस बारकाईने पाहिला. गरम भांडं उघड्या हाताने उचललं जातं, खिळा टोचला तरी माणूस चालत राहतो, रात्री उंदीर बोट कुरतडतो आणि जाग येत नाही. रोग मज्जातंतू मारतो. संवेदना गेली म्हणून इजा होते. संरक्षण दिलं की तीच जखम भरते. पुढे वाकडी बोटं शस्त्रक्रियेने सरळ झाली, तेव्हा काही रुग्ण तक्रार घेऊन आले: हात चांगले दिसतात म्हणून आता भीक मिळत नाही. मग तिथे सुतारकामासारखे उद्योग शिकवणं सुरू झालं.

यातला पुरावा नीट ओळखा. ब्रँड काय मानत होता, हा पुरावा नाही. रुग्णाची तक्रार ऐकली गेली आणि तिच्यामुळे संस्थेचं काम बदललं, हा पुरावा. मिरजेच्या किंवा वाईच्या मिशन हॉस्पिटलच्या कागदांत शिरलात तर हेच शोधा: रुग्णाच्या म्हणण्याने काही बदललं का?

कागदांचाही एक पेच आहे. मिशनचे वार्षिक अहवाल अमेरिकेतल्या देणगीदारांसाठी लिहिलेले असतात. म्हणून मराठीतून, आतून लिहिलेलं साहित्य जोडीला ठेवा. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ तुम्ही वाचलंच असेल. नवऱ्याने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही आपण सोवळं कसं पाळलं आणि पुढे ते कसं सुटलं, हे त्या काही लपवाछपवी न करता सांगतात. कुणाचा स्पर्श चालतो आणि कुणाचा नाही हा प्रश्न रुग्णालयाच्या वॉर्डातही होताच, म्हणून हा पुरावा कामाचा. स्वतः रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि ते साताऱ्याला आले. तिथल्या त्यांच्या ‘देवाच्या दरबारा’त बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. म्हणजे ‘मोल बिनशर्त असेल तर धर्मांतराची अट कशाला?’ ही शंका आपण आज बाहेरून घेतो असं नाही. एका मराठी ख्रिस्ती माणसाने साताऱ्यात ती जगूनच मांडली होती, असं मला वाटतं. याला तुमचा विरोध असू शकतो, पण मग पुरावा आणा.

आजच्या रुग्णालयात काम करणार असाल तर साधनं तयार आहेत. कुष्ठरोगात हात, पाय आणि डोळ्यांच्या विकृतीची ०, १, २ अशी श्रेणी लावतात, कलंक मोजायला प्रश्नावल्या आहेत. प्रश्नावली वापराच, पण वहीत ‘ग्रेड टू’ हे माणसाचं नाव होऊ देऊ नका. कॅनडातले मनोविकारतज्ज्ञ हार्वी चोचिनोव्ह यांनी गंभीर रुग्णांसाठी एक साधा प्रश्न रूढ केला. मराठीत तो असा विचारता येईल: तुमची नीट काळजी घ्यायची तर एक माणूस म्हणून तुमच्याबद्दल मला काय माहीत असायला हवं? मुलाखतीची सुरुवात वय, जात, उत्पन्नाऐवजी या प्रश्नाने करून बघा. माहिती वेगळीच येते, आणि वेळही दुप्पट लागतो, तो वेळापत्रकात धरा.

आणि नैतिकता समितीच्या अर्जात एक रकाना स्वतःहून वाढवा: जुने फोटो. शंभर वर्षांपूर्वीच्या रुग्णाची संमती कुणी घेतली असेल याची खात्री नसते, आणि सांगली-साताऱ्याच्या गावांत आडनाव व चेहऱ्यावरून घर आजही ओळखू येतं. चेहरा झाकून छापलात तरी प्रबंधाचं काही अडत नाही.