मागच्या चाकांना डिस्क (६) : हँडब्रेकचं काय?

आज कॅलिपरच्या ब्रॅकेटची मापं घ्यायची होती. ती पुढच्या आठवड्यावर टाकतोय. साताऱ्याच्या एका वाचकांच्या पत्रानं माझा लाडका विषय उकरून काढलाय, आणि तो निकाली निघाल्याशिवाय ब्रॅकेटची प्लेट कापणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

त्यांचा बेत असा : भंगारात पुढच्या चाकांचे कॅलिपर स्वस्तात मिळतात, तेच मागे लावायचे. त्यांना हँडब्रेकची केबल जोडायची सोय नसते, पण गाडी गिअरमध्ये उभी केली की झालं!

पिस्टनच्या आकाराचं गणित आपण मांडलंय, ते परत काढत नाही. पण एवढ्यानं ‘झालं’ असं होत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९६वा नियम पायाचा ब्रेक आणि पार्किंग ब्रेक अशा दोन स्वतंत्र व्यवस्था मागतो. नियम राहू द्या; गिअरमधली गाडी इंजिनाच्या कॉम्प्रेशनवर थांबलेली असते. जुन्या, झिजलेल्या इंजिनात ते कॉम्प्रेशन हळूहळू गळतं आणि तीव्र उतारावर गाडी एकेक हिसका देत खाली सरकते.

आपण काढून टाकतोय त्या ड्रमचा मोठेपणा इथेच कळतो. त्यात केबल एक लिव्हर ओढते, लिव्हर दोन्ही शू फाकवते. ब्रेक ऑइलचा संबंधच नाही. गाडी घसरू लागली की ड्रम एका शूला आपल्याबरोबर ओढतो आणि तो शू जास्तच घट्ट बसतो. गाडी उलट्या दिशेनं घसरली तर हेच काम दुसरा शू करतो. म्हणून हाताच्या बेताच्या जोरावर भरलेली गाडी घाटात उभी राहते. डिस्कला ही मदत नाही. पॅड जेवढे दाबाल तेवढेच धरणार. डिस्क लावून गाडी थांबवणं सोपं, थांबलेली धरून ठेवणं अवघड.

यावर तीन वाटा आहेत.

पहिली, हँडब्रेकची लिव्हर असलेले मागचेच कॅलिपर शोधणं. घरच्या कामाला हीच वाट बरी. यांच्या पिस्टनमागे स्क्रू असतो. नवे पॅड बसवताना पिस्टन दाबत दाबत फिरवून आत घ्यायचा. क्लॅम्प लावून नुसता रेटलात तर आतला ॲडजस्टर कामातून गेला. केबल सगळ्यात शेवटी जोडायची. आधी पेडल मारून पॅड डिस्कशी आणायचे, मग हँडब्रेक सोडलेला असताना कॅलिपरची लिव्हर आपल्या स्टॉपला टेकलेली राहील इतपतच केबल ताणायची. लिव्हर अधांतरी राहिली तर ॲडजस्टर चालत नाही आणि पेडल दिवसेंदिवस खाली जातं. असं पेडल घेऊन आलेला माणूस आधी मास्टर सिलिंडर बदलतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

दुसरी, डिस्कच्या मधल्या फुगीर भागात छोटा ड्रम असलेली जोडी. पार्किंगपुरता ड्रम, थांबण्यासाठी डिस्क. माझं मन इथेच रमतं. पण मागची बॅकप्लेट, शू आणि डिस्क हे सगळं एकाच गाडीचं मिळायला हवं, आणि ते आपल्या हबवर बसायलाही हवं.

तिसरी, गिअरबॉक्समागच्या शाफ्टवर ब्रेक. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपला तसाच होता. धरतो जोरात, पण मागचं एक चाक जॅकवर उचललंत की डिफरेन्शियल ते चाक मोकळं फिरू देतं आणि गाडी जॅकवरून उतरते. जमिनीवरच्या चाकांना दगड लावल्याशिवाय अशा गाडीला जॅक लावू नये.

चौथी वाट काही हौशी मंडळी सांगतात : पेडल दाबून ब्रेक लाइन व्हॉल्व्हनं बंद करायची. रात्रभरात दाब थोडा जरी उतरला तर सकाळी गाडी शेजाऱ्यांच्या भिंतीत. ही वाट नकोच.

पहिल्या वाटेनं जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. घाट उतरून आलात की डिस्क तापून किंचित जाड झालेली असते. तेव्हा ओढलेला हँडब्रेक ती गार होताना ढिला पडतो. ड्रम उलट गार होताना शूंवर आवळला जातो. म्हणून गरम गाडी लावताना हँडब्रेक दोन खाचे जास्त ओढा, गिअर टाका, पुढची चाकं कडेला वळवा आणि थोड्या वेळानं पुन्हा एकदा ओढून बघा.

तेव्हा सातारकर, पुढचे कॅलिपर परत करा. पुढच्या आठवड्यात ब्रॅकेट. त्याआधी सगळ्यांनी एक काम करून ठेवा : आपल्या गाडीची हँडब्रेक लिव्हर पूर्ण ओढल्यावर केबल किती मिलिमीटर सरकते ते मोजा. कॅलिपरची लिव्हर त्याहून जास्त ओढ मागत असेल, तर ब्रॅकेट कितीही सुबक झालं तरी हँडब्रेक धरणार नाही.