पॉवर वीडर घेताना इंजिन कोणते पाहावे?

सभासद बंधूंनो, भांगलणीला माणूस मिळेना झाल्यापासून मागे चालत चालवायच्या पॉवर वीडरची चौकशी आमच्या शेतकी विभागाकडे वाढली आहे. उसाच्या बिलातला एक हप्ता यात जातो. आणि यंत्र ऐन बाळबांधणीत बंद पडलं, तर हराळी काही थांबत नाही.

त्यात घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीला असलेली आपली मंडळी गावी आली की सांगतात, "आमच्या सोसायटीतलं गवत कापायचं यंत्र वर्षानुवर्षं चाललंय, तसलंच इंजिन घ्या." त्यांचं खोटं नाही. पण तिथं हिरवळ मऊ, जमीन सपाट, काम अर्ध्या-पाऊण तासाचं. त्यातल्या बहुतेक यंत्रांत इंजिनाचा दांडा उभा असतो आणि पातं थेट त्याच्याच टोकाला. दगड लागला की धक्का सरळ क्रँकशाफ्टला! आपल्या रानात आडव्या दांड्याचं, गिअरपेटीतून काम करणारं यंत्रच हवं.

टू-स्ट्रोक आम्ही आधीच बाद धरतो. पेट्रोलात तेल मिसळायचं माप गड्याकडून चुकलं की पिस्टन जाम. फोर-स्ट्रोकला तेल वेगळं असतं. घरचं दोन-चार एकर, सरी साडेचार-पाच फुटी आणि काम कोळपणीचं असेल, तर पाच हॉर्सपॉवरच्या आसपासचं पेट्रोल इंजिन पुरे. होंडाचं १६३ सीसीचं जीएक्स १६० याच वर्गातलं. त्याच्या सिलिंडरला आतून बिडाचं अस्तर असतं, ते धुळीत टिकतं. भाड्यानं दिवसभर चालवायचं किंवा मोठी बांधणी करायची, तर डिझेल घ्यावं. कमी वेगातही ओढ टिकते, इंधन कमी लागतं. मात्र वजन आणि हादरा जास्त. संध्याकाळी मनगटं बोलतात.

इंजिन मरतं ते बहुधा धुळीनं. एअर फिल्टर फाटका किंवा सैल असला की माती आत जाते, रिंगा झिजतात, निळा धूर सुरू होतो. कोळपणीच्या दिवसांत फिल्टर रोज पाहावा. जीएक्स १६० ला पहिलं तेल २० तासांनी आणि पुढे दर १०० तासांनी बदलायला सांगितलं आहे. धुळीत त्याआधीच बदलावं. फिल्टर आणि रिंगा तालुक्याला मिळत नसतील, तर ते यंत्र स्वस्त असलं तरी नको.

आता पेट्रोलाचं. पेट्रोलात २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट देशानं २०२५ साली गाठलं. त्यात आपल्या उसाचा वाटा आहे, याचा आनंद आहेच. पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि पेट्रोल टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिलं की कार्ब्युरेटर चिकटतो. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या अमेरिकेतल्या पुस्तिकांत तर १० टक्क्यांपर्यंतच मुभा आहे. तेव्हा २० टक्क्यांचं पेट्रोल चालतं, असं दुकानदाराकडून बिलावरच लिहून घ्यावं. काम संपलं की टाकी रिकामी करून, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावं आणि मगच यंत्र शेडमध्ये ठेवावं.