काळ्या पाण्यातला लाल मासा

काळे पाणी म्हटले की आपल्याला अंदमान आठवते. मी सांगतो आहे ते काळे पाणी ब्राझीलमधले. ॲमेझॉनला मिळणाऱ्या एका मोठ्या नदीचे नावच रिओ निग्रो, म्हणजे काळी नदी. रानातला पालापाचोळा कुजून तिचे पाणी बिनदुधाच्या चहासारखे दिसते. पाणी आम्लधर्मी, आणि क्षार जवळजवळ नाहीतच. अशा पाण्यात कार्डिनल टेट्रा हा जेमतेम दीड-दोन इंचांचा मासा राहतो. अंगावर निळा पट्टा, त्याखाली डोक्यापासून शेपटीपर्यंत लाल रंग. त्याचा भाऊबंद निऑन टेट्रा. त्याचा लाल रंग मात्र मागच्या अर्ध्या अंगापुरताच. दुकानात दोघांची गल्लत होते, म्हणून ही खूण सांगितली.

१९५६ च्या फेब्रुवारीत शास्त्रज्ञांनी या एकाच माशाला दोन निरनिराळी नावे दिली, तीही एका दिवसाच्या अंतराने! एक दिवस आधी छापले गेलेले नाव कायम झाले.

हा मासा पकडतात बार्सेलोस गावाच्या आसपास. पुरात नदी फुगून रानात शिरते आणि मासेही झाडाझुडपांत पसरतात. पाणी उतरू लागले की तिथले कोळी, त्यांना 'पियाबेरो' म्हणतात, लहानशा होडीतून ओढ्यांत शिरतात. वल्ह्याने पाणी हलवून मासे जाळीकडे हाकायचे आणि जाळी अलगद उचलायची. मग बोटीने मनौस शहर, आणि तिथून विमानाने परदेश.

"अहो, पण रानातला जीव असा ओरबाडून आणणे बरे का?" असे एका शिक्षकमित्राने मला विचारले. प्रश्न रास्त आहे. पण पाणी ओसरले की डबक्यांत अडकून यांतले पुष्कळ मासे दरवर्षी मरतातच. पुढच्या पुरातली वीण ती तूट भरून काढते. शिवाय माशावर पोट चालले तर रान तोडायची पाळी येत नाही. 'प्रोजेक्ट पियाबा' हा तिथला उपक्रम हेच सांगत आला आहे. आशिया-युरोपातल्या हौदांत वाढवलेले मासे बाजारात आले आणि या कोळ्यांची मिळकत घटली. मात्र हा न्याय सगळीकडे लावू नका. आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडचा, केरळ-कर्नाटकातला डेनिसन बार्ब असाच पकडून परदेशी जात राहिला. त्याचा टापू लहान. आज तो संकटग्रस्त गणला जातो.

आता पेटीकडे वळू. माझे पहिले सहा टेट्रा मी विहिरीच्या जड पाण्यात एकदम ओतले. सकाळी चार तरंगत होते. तुम्ही तसे करू नका, बरं का. बंद पिशवी पाव तास पेटीत तरंगू द्या, मग पेटीतले पाणी थोडे थोडे तिच्यात घालत जा. पहिल्या सरी सोडून धरलेले पावसाचे स्वच्छ पाणी निम्मे मिसळले तर उत्तम. शाळेच्या आवारात देशी बदाम असेलच. त्याचे वाळके पान धुऊन पेटीत टाका, पाण्याला तोच चहाचा रंग येतो. मासे आठ-दहा तरी हवेत, एकटादुकटा भेदरून कोपऱ्यात बसतो.

आणि सकाळी मासे फिके दिसले तर घाबरू नका. ती निळाई म्हणजे रंग नव्हेच. कातडीतले बारीक स्फटिक उजेड परतवतात, म्हणून ती दिसते. रात्री ती मावळते. खिडकी उघडा आणि मुलांना पेटीजवळ बोलवा. थोड्याच वेळात पट्टा पुन्हा उजळताना त्यांना दिसेल.